लोहाऱ्याच्या पावत्या

सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता. एका खरेदीदाराला मी रस्टमध्ये पावत्यांचा छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. चौथ्या दिवशी त्यांच्या मुनीमांचा फोन. "साहेब, लोहाऱ्याचा माल दिसंना झालाय. सगळा 'इतर'मध्ये पडलाय."

कोड उघडला. धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ आणि प्रत्येकाचं नाव तीनदा लिहावं लागत होतं: इनममध्ये, पावतीवर छापायला आणि टाइप केलेल्या नावावरून तालुका ओळखायला. छपाईच्या मॅचमधून एक तालुका गळला असता तर कंपायलरने प्रोग्रॅम तयारच होऊ दिला नसता. ओळखायच्या मॅचला मात्र शेवटी मीच 'बाकी सगळं इतर' अशी पळवाट ठेवली होती. लोहारा तिथूनच निसटला.

मॅक्रो म्हणजे कोड लिहिणारा कोड, हे वाचून माहीत होतं. उद्गारचिन्हवालं प्रिंटलाइन तर रोज वापरत होतो, तेही मॅक्रोच. पण स्वतःचा कधी लिहिला नव्हता. त्या रात्री बसलो. यादी एकदाच द्यायची, तिन्ही ठिकाणचा कोड मॅक्रोने काढायचा. डॉलर, कंस, स्वल्पविराम, तारा असली चिन्हं दिसली की आधी नकोसं होतं. मला ते कळलं तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेवरून: कंसातली एक कवडी, तारा म्हणजे हव्या तितक्या ओवा, मधला स्वल्पविराम म्हणजे दोन कवड्यांमधली गाठ. शेवटच्या कवडीनंतरही सवयीने गाठ मारली की एरर. तिथे 'असली तर असू दे' असं प्रश्नचिन्ह वेगळं लावावं लागतं.

दुसरी ठेच जास्त लागली. तालुक्याचं नाव मी मॅक्रोत चुकीच्या प्रकारचा तुकडा म्हणून घेतलं होतं. छापताना चाललं, ओळखायच्या मॅचमध्ये डाव्या बाजूला आलं की कंपायलर अडला. ते लिटरल म्हणून घेतलं की दोन्हीकडे चालतं. एवढा एक शब्द बदलायला पहाटेचे दोन वाजले. मॅक्रो पसरल्यावर कसा दिसतो ते दाखवणारं कार्गो एक्स्पांड आधीच चालवलं असतं, तर आतला कोड वाचून निदान कुठे अडतंय ते कदाचित लवकर दिसलं असतं.

पुढे 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. यादीतली एक ओळ बदलली, तिन्हीकडे नाव बदललं. पण जुन्या कागदांवरून नोंदी करणारे अजून उस्मानाबादच टाइप करत होते. म्हणून नावापुढे उभी रेघ देऊन जुनं नावही लिहिता येईल, अशी सोय मॅक्रोत केली. छापायला नवं, ओळखायला दोन्ही.

मग हाव सुटली. सिन आणि क्वोट या लायब्रऱ्या घेऊन प्रोसीजरल मॅक्रो लिहिला, त्यासाठी वेगळं क्रेट केलं. प्रोग्रॅम तयार व्हायला वेळ लागू लागला, आणि महिन्याभराने तो माझा मलाच वाचता येईना. काढून टाकला. आठ तालुक्यांना साधा मॅक्रो पुरतो. चारच नावं असती, तर मी तोही लिहिला नसता.

'इतर'मध्ये गेलेल्या लोहाऱ्याच्या एकेचाळीस पावत्या मात्र मुनीमांच्या शेजारी बसून, एकेक करून हातानेच दुरुस्त कराव्या लागल्या.