गाजो

युरोपात आपले पाव्हणे आहेत असं मी आईला सांगितलं असतं, तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण आहेत. हंगेरीत, बुडापेस्टला. नवरा-बायको, एक पोरगी आणि म्हातारी आई. रोमा. जिप्सी हे इतरांनी दिलेलं नाव. आपल्यालाही नावं ठेवायचा हक्क इतरांनीच घेतला होता.

ओळख २०१२ सालची. नागपूरला, दीक्षाभूमीवर, जेवणाच्या रांगेत. त्यांच्याकडं सायोकाझा नावाच्या खेड्यात २००७ साली रोमा पोरांसाठी बाबासाहेबांच्या नावानं शाळा निघाली. पुढं ती मिश्कोल्त शहरात गेली. तिच्यामुळं बाबासाहेब यांच्या कानावर पडले, आणि नवरा-बायको उसनेपासने करून थेट नागपूरला. इंग्रजी त्यांचं मोडकं, माझं त्याहून. बायकोनं विचारलं, ‘‘हे एवढे लोक गावात राहतात की गावाबाहेर?’’ मला हे आजवर कुठल्या पाहुण्यानं विचारलं नव्हतं.

२०१९ साली पुतण्या व्हिएन्नाला नोकरीला होता. तिथून बुडापेस्ट आगगाडीनं पावणेतीन तास. म्हटलं, एवढं आलोय तर जाऊनच येऊ. केलेती स्टेशनवर दोघं उभी होती. त्यानं मिठीच मारली. ‘‘फ्राल!’’ म्हणजे भाऊ.

घर आठव्या वॉर्डात, योझेफवारोशमध्ये. मधे चौक, चहूबाजूंनी लोखंडी कठड्याची गॅलरी, गॅलरीत दारं, दारात बाया, दोरीवर कपडे. नायगावची चाळच की! फक्त बोंबलाचा वास तेवढा नव्हता. जेवायला पात्सॉल. पात्सॉल म्हणजे आपली वजडी, लालभडक रश्श्यात. तिकडं ती हॉटेलच्या पाटीवर लिहून विकतात. आमच्या शाळेत वजडीचं नाव काढलं तरी पोरं नाक दाबायची.

दुसऱ्या दिवशी राकोत्सी चौकातून ट्राम धरली. डबा गच्च. दोघं तिकीट तपासनीस चढले आणि गर्दी सारत सरळ आमच्यापाशी आले. आमची तिकिटं बघितली, उलटी करून बघितली, आणि उतरून गेले. बाकी एकालाही विचारलं नाही. मित्र हसला. ‘‘आज तूही रोमा.’’ आपल्याकडं निदान आडनाव तरी विचारावं लागतं.

पेतोफी पुलाजवळ दान्यूबच्या काठाला नाव आहे नेहरूंचं. त्याच काठावर रोमांच्या कत्तलीचं स्मारक आहे, २००६ सालचं. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री नाझींनी बिर्केनाऊच्या छावणीतली रोमांची वस्ती रिकामी केली. म्हातारे, बाया, पोरं, चार हजारांवर माणसं एका रात्रीत गॅसमध्ये कोंडून मारली. मित्र तिथं गुमान बसला. मग म्हणाला, ‘‘इथं रस्त्यात ओरडतात, इंडियात परत जा म्हणून. तुमचं सरकार काय म्हणतं?’’

म्हटलं, २०१६ साली दिल्लीत रोमांची परिषद झाली, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज तुम्हाला भारताची लेकरं म्हणाल्या. (आम्ही कोणाची, ते त्या परिषदेत निघालं नसावं.)

‘‘मग येऊ?’’

‘‘ये. पण घर बघायला गेलास की पहिला सवाल, कुठल्या आळीत?’’

तो हसला नाही. हा माणूस लहानपणी मतिमंदांच्या शाळेत बसलाय. घोड्यांच्या बाजारात बापाचा हिशेब तोंडी करणारं पोर, पण रोमा, म्हणून तिकडं ढकललेलं. तसंच ढकललेल्या दोन पोरांनी हंगेरी सरकारविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात दावा जिंकला, २०१३ साली. तोवर याची पोरगी शाळेत जायला लागली होती.

संध्याकाळी म्हातारी आली, लेकीकडं गेली होती ती. जुन्या वळणाची, रोमानी बोलणारी. पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान, दाताला दांद. बोटं मोजली तर दुय, त्रिन, श्तार. पोरांसारखे आम्ही नाक-कान दाखवत बसलो. मग तिनं लेकाला काहीतरी विचारलं आणि घर एकदम गप झालं. सून खाली बघायला लागली.

पोरीनं सांगून टाकलं. ‘‘आजी विचारते, हा गाजो आहे का?’’

गाजो म्हणजे जो रोमा नाही तो. जुनी माणसं गाजोचा विटाळ धरतात. त्याला कप वेगळा. तो तिथंच वरच्या फळीवर होता. निळा, कान तुटलेला.

आमच्या गावात हॉटेलच्या मागं वळचणीला अशी कपबशी असायची. बाप चहा प्यायचा, विसळायचा, पुन्हा तिथंच उपडी घालायचा. तो कप मी जन्मभर बाहेरून बघितला होता. आज कप ठेवणाऱ्याच्या घरात, त्याच्याच खुर्चीवर बसून बघत होतो. राग आला. म्हातारीचा म्हणावा तर तिचं सगळं आयुष्य लोकांनी हाड्-हाड् केलेलं. ज्यांना ट्रामच्या डब्यातसुद्धा वेगळं काढतात, त्यांच्याही घरात ही फळी! बाबासाहेबांनी सांगितलेली उतरंड काय फक्त आमच्याच मातीची होती?

पोरीला म्हटलं, ‘‘आजीला सांग, माझ्या बापाचाही असाच कप होता.’’

तिनं सांगितलं. म्हातारी कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग विचारलं, ‘‘कोणी ठेवला होता?’’

म्हटलं, ‘‘गाजोंनी.’’

म्हातारी हसली. दात दोनच. सुनेला म्हणाली, कॉफी टाक. फळीवरचा कप फळीवरच राहिला. मी निघून आल्यावर सुनेनं तो फोडला, असं मित्रानं फोनवर सांगितलं. म्हातारी आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हती.