नगर रस्ता, सोलापूर लोहमार्ग आणि मधली भीमा

वाघोली मागे पडली की पुणे संपले, असा एकेकाळी हिशेब होता. २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. तरी शहर संपल्याची खूण नगर रस्त्यावर शोधून सापडत नाही. लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिकरापूर या गावांची नावे आता फक्त पाट्यांवर वेगळी राहिली आहेत. मधल्या जागेत गोदामे, वजनकाटे, टायर पंक्चरची दुकाने, कंटेनरच्या रांगा आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर ‘एनए प्लॉट’चे फलक.

अशा एखाद्या फलकाखालून आत वळले की चित्र ठरलेले. तोंडाशी मोठी कमान, पण तिच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही. आत मुरूम टाकलेला रस्ता, फक्कीने आखलेल्या रेषा, कोपऱ्यांवर रंगवलेले सिमेंटचे खांब आणि त्यांच्यावर प्लॉटचे आकडे. शेजारच्या वावरात कांदा उभा आहे. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, जवळची शाळा कोणती, हे विचारले की उत्तर ‘होईल हळूहळू’ एवढेच.

गिऱ्हाईक मात्र हौशी नसते. कारखान्यात बारा-पंधरा वर्षे घालवलेल्या माणसाला पुण्यात घर परवडत नाही, म्हणून तो गुंठ्याकडे वळतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे असे तुकडे पाडायला बंदी घातली होती. तरी तुकडे पडत राहिले आणि २००१ मध्ये ते नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. आधी वस्ती, मग रस्ता, शेवटी नियोजन, असा उलटा क्रम पडत गेला.

या रस्त्याने शहराच्या आधी फौजा वाहिल्या आहेत. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि रात्रभर चालून १ जानेवारीला कोरेगावला पोहोचली. पेशव्यांच्या फौजेशी झालेली पुढची लढाई सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या जयस्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भेट दिली आणि आज त्या दिवशी लाखो लोक येतात. लढाईच्या काळी या रस्त्यावरचे इंग्रजांचे लष्करी बळ पुण्याबाहेर, शिरूरला होते, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही.

रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाची रांग आणि औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुटल्याची गर्दी एकाच रस्त्यावर येते. उद्योग मुंबई-पुण्यात कोंबले जाऊ नयेत म्हणून महाराष्ट्राने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ काढले आणि १९६४ पासून बाहेर जाणाऱ्या कारखान्यांना सवलती दिल्या. रांजणगाव हे त्याच धोरणाचे फळ; फियाट, एलजी, व्हर्लपूल अशी नावे इथे आली. कारखान्यांचे भूखंड, रस्ते, वीज, पाणी सगळे आखून झाले. कामगारांनी राहायचे कुठे, ते आखायचे राहिले. आसपासच्या गावांत त्याचे उत्तर बैठ्या खोल्यांच्या रांगांनी दिले.

शिरूर इथून फार लांब नाही. जुनी माणसे या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज इथे राहिली. तिचा एक सेनापती कर्नल वॉलेस १८०९ मध्ये इथेच वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे लोक सत्पुरुषाचे स्थान मानू लागले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. छावणी उठली, पेठ मात्र टिकली. तिच्या बोळांत अजून खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी घरे दिसतात. धान्य, भांडी, बी-बियाणे, सोने-चांदी, सगळे पायी फिरून उरकता येते. नगररचनाकार ज्या ‘मिश्र वापरा’चे धडे आज गिरवतात, तो या पेठेच्या अंगवळणी पडलेला आहे.

घोड नदीच्या पलीकडे जिल्हा बदलतो, अहिल्यानगर लागतो. पारनेर आणि श्रीगोंद्याकडची माणसे बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला शिरूरलाच येतात. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३७ हजार वस्तीचे हे गाव त्यामुळे आपल्या आकड्यापेक्षा मोठे आहे. पण नियोजनाचा नकाशा पुण्याकडून रंगवत येतो. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली पुणे विभागाच्या योजना झाल्या. त्यांतली १९९७ मध्ये मंजूर झालेली प्रादेशिक योजना दीर्घकाळ चालली. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झाले. शिरूर आणि दौंड तालुक्यांचा काही भाग या प्राधिकरणाच्या हद्दीत, उरलेला बाहेर. नदीपलीकडच्या गिऱ्हाइकाला तर या नकाशात जागाच नाही.

पीएमआरडीएच्या २०२१ च्या प्रारूप विकास आराखड्यात एक विचार मात्र कामाचा होता: वाढ सगळीकडे पसरू न देता निवडक विकास केंद्रांत गोळा करायची. आरक्षणांवर हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. अमेरिकेतल्या पोर्टलंडने १९७९ मध्ये शहराभोवती वाढीची रेषा आखली आणि ती वेळोवेळी तपासून सरकवली. तिथे रेषेबाहेरची शेती राखण्याला राज्याच्या कायद्याचे पाठबळ होते. आपल्याकडे हिरव्या पट्ट्यातली जमीन ‘पिवळी’, म्हणजे निवासी, कधी होणार, याची वाट पाहणारे आधीच सौदे करून बसलेले असतात.

शिरूरहून दक्षिणेला न्हावऱ्याचा रस्ता धरला की प्लॉटचे फलक विरळ होत जातात आणि ऊस दाटतो. आलेगाव पागा मागे टाकून पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते. पुलावर थांबून खाली पाहिले तर काही वेळा पाण्याऐवजी जलपर्णीच दिसते. वरच्या अंगाला रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते. पुण्याने वापरून सोडलेले पाणी तिच्यासोबत येते. दुसऱ्या बाजूने खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा लोणी, उरुळी, यवतवरून दौंड आणि इंदापूरकडे जातो. शहराची तहान वाढली की उन्हाळी आवर्तनावरून खडाजंगी होते. म्हणूनच मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून कालव्यात सोडायची योजना झाली. पुण्याच्या कडेला उभी राहणारी प्रत्येक नवी इमारत दौंडच्या शेतकऱ्याच्या पाळीशी जोडलेली आहे. पसरत्या शहराचा खर्च मोजायचा तर तो या पुलावरून दिसतो.

केडगावच्या परिसरात गुऱ्हाळांचा धूर लागतो. काहिलीत रस उसळतो, भेंडीचे पाणी टाकले की मळी वर येते, गुळव्या ती झाऱ्याने ओढून बाजूला करतो आणि चिपाडावर जाळ पुन्हा वाढतो. याच केडगावला पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात मुक्तिसदन उभे केले. १९०० च्या सुमारास तिथे सुमारे दोन हजार स्त्रिया आणि मुली होत्या. विहिरी, शेती, शाळा, माग, छापखाना, सगळे एका आवारात आणि रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. राहणे, शिकणे आणि काम एका ठिकाणी जोडणारी वस्ती सरकारी योजनेशिवाय इथे उभी राहिली होती.

संगीत बाऱ्यांसाठी नावाजलेला चौफुला आणि मग पाटस गेले की दौंड. हे गाव भीमेकाठचे, पण घडवले लोहमार्गाने. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या मार्गावर ते होतेच. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि उत्तर-दक्षिणेच्या गाड्या इथे गाठ घेऊ लागल्या. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, तोवर फलाटावर चहा-वड्याची चंगळ असे. दोन्ही मार्ग थेट जोडणारी कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्या गावाला वळसा घालून निघून जातात. २०११ मध्ये जवळपास ५० हजार वस्ती असलेल्या दौंडकडे जंक्शन, रेल्वेच्या जुन्या वसाहती, राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रे आणि शेजारी कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे.

अशा गावांना बळ द्यायचे, हा विचार नवा नाही. १९७९ मध्ये केंद्राने छोट्या आणि मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची योजना काढली, २०१६ मध्ये ‘रुर्बन’ मोहीम आली. स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडिस तर १९१९ पासून मुंबई विद्यापीठात शिकवत होते. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा पडकी घरे हटवून चौक मोकळे करावेत, बाकीचे सांभाळावे, असा त्यांचा आग्रह. शिरूरच्या पेठेला आणि दौंडच्या रेल्वे वसाहतींना तो आजही लागू पडतो. जमीन महसूल कायद्यातही गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत अकृषिक वापर सुलभ करणारी तरतूद आहे. म्हणजे जुन्या गावाला लागूनच वाढ व्हावी, याला कायद्याची आडकाठी नाही. पण मोठा पैसा रस्त्यावर जातो. पुणे ते शिरूर उन्नत मार्गाचा प्रस्ताव पुढे सरकतो आहे. तो झाला की शिरूर पुण्याच्या आणखी जवळ येईल आणि मधल्या वावरांचे भाव आणखी चढतील. पेठेतल्या गटारांना, एसटी स्थानकाला आणि नदीच्या घाटाला त्यातून काय मिळणार, ते मात्र वेगळे मागावे लागेल.

परतीला दौंडहून सकाळची गाडी धरली तर डब्यात पासधारकांची गर्दी. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण २०१७ मध्ये झाले, पण लोणावळ्याला आहे तशी लोकल दौंडला हवी, ही मागणी अजून सुटलेली नाही. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर, अशी स्टेशने एकामागून एक येतात. बहुतेक ठिकाणी स्टेशनबाहेर जुने गावठाण, बाजार आणि मोकळी जागा आहे. आता नवा आराखडा करायचा तर विकास केंद्रे शोधायला या मार्गाचे वेळापत्रक समोर ठेवून बसता येईल. दर अर्ध्या तासाला गाडी सोडायला काय लागते, एवढा हिशेब आधी झाला तरी दौंडच्या माणसाला नोकरीसाठी वाघोलीत गुंठा घ्यायची गरज उरणार नाही.