हलकी पुली

वजन कमी करण्याचा सल्ला मला आजवर पुष्कळांनी दिला आहे. डॉक्टरांनी दिला, सौभाग्यवतींनी दिला, आमच्या तलवाड्यातल्या त्वरितादेवीचा डोंगर चढताना गुडघ्यांनीही दिला. पण माझ्या गाडीचं वजन कमी करा, असं सांगणारा पहिला माणूस म्हणजे माझा भाचा.

भाचा पुण्याहून आला तो बापाशी भांडून, नोकरी सोडून आणि हातात एक खोका घेऊन. खोक्यात ॲल्युमिनियमची चकचकीत क्रँक पुली. "मामा, कंपनीची पुली म्हणजे लोखंडाचा धोंडा. ही बसवली की इंजिन कसं उसळेल बघा!"

माझी जुनी डिझेल गाडी गेवराईपर्यंत न कुरकुरता गेली तरी मी देवीला नारळ फोडतो. तिनं उसळावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. पण नव्या पिढीला नाही म्हणायचं धैर्य पेन्शनीबरोबर संपतं. रविवारी आम्ही मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीनं जुनी पुली काढली आणि दोन्ही पुल्या दोन हातांत तोलल्या. मग बराच वेळ काही बोलला नाही. डॉक्टर आणि मिस्त्री गप्प झाले की माझ्या पोटात गोळा येतो.

"गुरुजी, ह्याच्यात रबर कुठंय?"

जुन्या पुलीत आतला गाभा आणि बाहेरची जड कडी यांच्यामध्ये रबराचं कडं होतं. मिस्त्रीनं ते समजावलं ते असं: सिलिंडरमधल्या प्रत्येक धडाक्यासरशी क्रँक किंचित पिळतो आणि परत उलगडतो. ठरावीक वेगाला हे पीळ एकमेकांत मिसळतात आणि झोपाळ्याला वेळेवर झोके द्यावेत तसे वाढत जातात. ती कडी अन् ते रबर हा थरकाप आपल्या अंगावर घेतात. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1910 च्या सुमारास असा थरकाप जिरवणारा डँपर काढला, ही भर मी घातली. मास्तरकी जात नाही.

"पण रेसच्या गाड्यांना बसवतात की!" भाचा म्हणाला.

"बसवत्यात ना. ते इंजिन घडीघडी उघडत्यात. गुरुजींचं बंद पडल्याबिगर कोण उघडायलंय?"

आणि रबर नसल्याचं लगेच काही कळतही नाही. गाडी खरंच जरा चपळ वाटते. मग कधीतरी बेअरिंग झिजतं, पुलीचा बोल्ट ढिला होतो, नाहीतर क्रँकलाच चीर जाते. शिवाय भाच्याची पुली आकारानंही लहान होती. म्हणजे पट्टा हळू फिरणार, अल्टरनेटरही हळू, आणि गाडी उभ्यानं चालू ठेवली की बॅटरी उपाशी. काही इंजिनांची मूळ पुलीच साधी, बिनरबराची असते; तिथं एवढी धास्ती नाही. "बसवायच्या आधी जुनी बघायची, मग नवीचं पैसं द्यायचं," मिस्त्री म्हणाला. भाच्यानं नेमकं उलट केलं होतं.

जुनी निरखून पाहिली तर रबराला भेगा पडल्या होत्या. तेव्हा मूळ जातीचीच नवी, जड पुली मागवली.

रात्री मेहुण्यांचा फोन आला. अर्धा तास ते मुलावर गरजले. मी "हो, हो" म्हणत राहिलो. फोन ठेवला, तर भाचा अर्धा तास बापावर गरजला. मी "खरं आहे रे" म्हणत राहिलो. दोघांचाही आवाज शेवटी उतरला. सकाळी भाचा आपणहून म्हणाला, "मामा, बाबांना एक फोन लावून देता?"

रिटायर झाल्यापासून घरात मी नुसतं वजन आहे, अशी माझी समजूत होती. त्या सकाळी चहा जरा गोड लागला.

ती चकचकीत पुली आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. सौभाग्यवतींनी लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवून पाहिली आणि उचलून परत माझ्या हातात दिली.

"हिला काही वजनच नाही हो!"