शांत दिवसाची फाइल

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची एका दिवसाची फाइल उघडली की मिनिटाला एक अशा १४४० ओळी दिसतात. तारीख, वेळ, वर्षातला कितवा दिवस आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचे चार आकडे. आयागा-२००२ या ठरलेल्या साच्यात ओळ सत्तर अक्षरांची, शिवाय ती संपल्याच्या खुणेचे दोन बाइट. दिवसाचे झाले लाखभर बाइट. त्यात नवं किती? आडव्या घटकाचा आकडा अडतीस हजार नॅनोटेस्लाच्या पुढेमागे असतो आणि शांत रात्री मिनिटामिनिटाला एककभरही हलत नाही. तारीख तर दिवसभर तीच.

असले आकडे साठवणारे प्रोग्राम लिहिणं हा माझा धंदा. नवखी मुलं फाइल सरळ जीझिप या दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला देतात आणि ती आक्रसली की खूश होतात. जीझिपच्या पोटात लेम्पेल आणि झिव्ह यांची १९७७ची युक्ती आहे: मजकूर आधी येऊन गेला असेल तर पुन्हा लिहायचा नाही, किती मागे जायचं आणि किती अक्षरं उचलायची एवढंच नोंदवायचं. मागे पाहायची हद्द ३२ किलोबाइट, म्हणजे आपल्या फाइलीत सुमारे साडेसात तास. वर हफमनची १९५२ची पद्धत: वारंवार येणाऱ्या खुणेला कमी बिट.

पण जीझिपला आकडा कळत नाही, अक्षरं कळतात. ३८५१२.३ नंतर ३८५१२.४ आले, तर आपल्या लेखी फरक एक दशांशाचा. तो फरकच लिहिला, तर वरखाली १२.७ नॅनोटेस्लापर्यंत एका बाइटमध्ये मावतो, आणि मग जीझिपच्या हाती शून्य, एक, उणे एक यांचीच रांग येते. खरी बचत या आधीच्या कामात आहे.

मे २०२४च्या सौर वादळासारखी रात्र आली की हे फरक बाइटमध्ये मावेनासे होतात आणि फाइल फुगते. फाइल न उघडता, नुसत्या आकारावरून ओळखावं की आज काहीतरी घडलंय. मला हे फार आवडतं. मात्र कॉम्प्रेशनला सूर्याचा झटका आणि माणसाचा गोंगाट यांतला भेद कळत नाही. अनपेक्षित ते सगळं जागा खातं. मुंबईत विजेच्या ट्रामा धावल्या १९०७ साली. त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेची मोजमापं बिघडणार हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ सालीच वेधशाळेचं चुंबकीय काम खाडीपलीकडे अलिबागला आलं. कुलाब्यालाच राहिलं असतं, तर शांत दिवसाची फाइलसुद्धा इतकी लहान झाली नसती.

खर्चाचं कुणी विचारत नाही. जीझिपचं डोकं दहा बाइटचं, शेपूट आठचं. दर मिनिटाची ७२ बाइटची ओळ वेगळी दाबून पाठवली, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला: मागे पाहायला मजकूरच नाही, आणि अठरा बाइट मात्र दरवेळी भरायचे. दाबताना झेडलिबला, म्हणजे हीच युक्ती प्रोग्रामांना पुरवणाऱ्या लायब्ररीला, नेहमीच्या मांडणीत अडीचशे किलोबाइटच्या वर मेमरी लागते, उलगडताना त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. उपकरणातल्या छोट्या चिपवर एवढी जागा बहुधा नसतेच. तिथे मी नुसते फरक लिहून थांबतो. शिवाय दुपारी बाराची ओळ हवी असली तरी सुरुवातीपासून सगळं उलगडत यावं लागतं.

आमच्याकडे जूनमध्ये लाइट कधी जाईल याचा नेम नाही. फाइल अर्धवट राहिली, तर न लिहिलेला भाग मेमरीतच जातो. म्हणून तासातासाला फ्लश करायचा, म्हणजे साठलेलं लगेच लिहून टाकायचं. दरवेळी चारपाच बाइट वाढतात. ते मी खुशाल देतो.