समुद्र नसलेल्या गावाच्या सफरी

नामपल्ली स्टेशनात रूळ संपतात. पाटीवर नाव ‘हैदराबाद दख्खन’. गाडी येते, थांबते आणि पुढे जायला वाटच नसते. लहानपणी आम्ही जवळच राहायचो. रुळांच्या टोकाला बसवलेल्या त्या अडसरापलीकडे समुद्र असणार, अशी माझी पक्की समजूत होती.

बाबा मराठी ग्रंथसंग्रहालयातून कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आणायचे. सिंदबाद बसऱ्याहून निघायचा, मी शहाबादी फरशीवर अंथरलेल्या सतरंजीवरून. बेट समजून माणसं माशाच्या पाठीवर उतरली, त्यांनी विस्तव पेटवला आणि मासा खोल गेला, हे ऐकलं त्या रात्री मी सतरंजीबाहेर पाय काढला नाही.

खरा समुद्र तिथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. निजामाच्या शेवटच्या काळातल्या राज्याला किनारा नव्हता. हुसेनसागर नावाचाच सागर. तरी याच राज्यानं आकाशाचे नकाशे काढले, याचं मला फार अप्रूप आहे. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये उभारलेल्या निजामिया वेधशाळेकडे आकाशाच्या आंतरराष्ट्रीय नकाशातला उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा आला होता. काचेच्या तबकड्यांवर छायाचित्रं घेत, एकेका ठिपक्याची जागा मोजत, तिथल्या माणसांनी सात लाखांहून जास्त तारे नोंदवले. खलाशांना लागते तशी चिकाटी ही, फक्त पाण्याविना.

पुढे मोठेपणी मी जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गेले. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना मिळून एक प्रचंड दुर्बीण होते. एका स्पंदक ताऱ्याचे रेडिओ संकेत आवाजात बदलून ऐकवले गेले. टकटक, टकटक; दारावर कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तशी. असा तारा पहिल्यांदा १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. दर १.३३७ सेकंदाला एक ठोका, तोही इतका नेमका की हे परग्रहावरच्या कुणाचं काम तर नव्हे, अशी शंका आली होती.

स्पंदक म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. वस्तुमान सूर्याहून जास्त, आणि व्यास जेमतेम वीस किलोमीटर. नामपल्लीहून शमशाबादचा विमानतळ जितका दूर, साधारण तेवढा. तो गरगर फिरतो आणि त्याचा रेडिओझोत दीपगृहासारखा फिरत फिरत आपल्यावरून जातो. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी विद्यार्थिदशेत, १९८२ मध्ये, ज्या गटात होते त्या गटाला तर सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा तारा सापडला. या दीपगृहांवरून यानाला वाट शोधता येते का, हे नासानं २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर तपासलं आणि ते जमलं. त्या प्रयोगाचं नाव ठेवलं ‘सेक्स्टंट’, खलाशांच्या जुन्या कोनमापकाचं. नाव वाचलं तेव्हा मला सतरंजी आठवली.

पण माझा जीव गुंतला आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. हैदराबादच्या प्रगतीनगरात ‘इन्कॉइस’ ही महासागराची माहिती गोळा करणारी संस्था आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर, ऑक्टोबर २००७ पासून, देशाचं त्सुनामी इशारा केंद्र तिथे चालतं. खोल समुद्रात त्सुनामीची लाट इतकी बुटकी असते की वरून जाणाऱ्या जहाजाला ती कळतही नाही. तळाशी बसवलेलं यंत्र पाण्याचा दाब मोजतं, वर तरंगणारा बोया ती नोंद उपग्रहामार्फत धाडतो आणि समुद्र नसलेल्या शहरात रात्रपाळीवरचा माणूस ती वाचतो.

आता आकाशातले बोये, म्हणजे स्पंदक, बघा. अवकाशातून गुरुत्वीय लहरी जातात, आपल्या अंगातूनही, आणि आपल्याला पत्ता लागत नाही. त्यांतल्या काहींची एक लाट पुरी व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात. अशी लाट जाते तेव्हा स्पंदकाचा ठोका सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी फरकानं लवकर किंवा उशिरा पोहोचतो. अनेक स्पंदकांचे ठोके वर्षानुवर्षं टिपून ते एकमेकांशी ताडून पाहायचे, एवढाच उपाय. युरोपातल्या आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी २५ स्पंदकांच्या नोंदी ताडून २९ जून २०२३ रोजी जाहीर केलं की अशा लहरींच्या खुणा दिसत आहेत. बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोडीतली दोन विवरं एकमेकांभोवती फिरताना त्या उठत असाव्यात. शिक्कामोर्तब व्हायला आणखी वर्षं जातील. भारताच्या नोंदी खोडदच्या, आणि हे काम करणाऱ्यांत हैदराबादच्या आयआयटीची माणसं आहेत.

म्हणून त्या अडसरापलीकडे समुद्र आहे ही माझी समजूत चुकीची होती, असं मी आता म्हणत नाही.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण सगळ्यांना पाहायला खुली करतात. नारायणगावापासून ती जवळच आहे. घरात समुद्र न पाहिलेलं मूल असेल, तर त्याला एकदा तिथे घेऊन जा.