छकडीवरचा पाहुणा

वाहनात बसणाऱ्या मनुष्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एक हाकणाऱ्यांचा व दुसरा नुसत्या बसणाऱ्यांचा. आम्ही जन्मतःच दुसऱ्या वर्गात दाखल झालो आणि साठी उलटून गेली तरी आमची बढती काही झाली नाही. आजोळच्या बैलगाडीत आम्ही कडब्याच्या पेंढ्यांवर बसत असू, पुढे एस. टी.च्या लाल गाडीत खिडकीपाशी बसलो; आणि आता जावईबापूंच्या मोटारीत त्यांच्या शेजारी, पट्टा आवळून, बसतो. या बसण्यात एक मोठे सुख असे की गाडी वेळेवर पोचली तर आपण पोचलो असे म्हणता येते, आणि कोठे धडकली तर दोष हाकणाऱ्याचा. बसणारा सदैव निर्दोष! हे निर्दोषत्व आम्ही इतकी वर्षे जतन केले होते. गेल्या माघात भोकरदन तालुक्यातील एका मोकळ्या शेतात, अवघ्या अर्ध्या मिनिटात, ते आमच्या हातून गेले. त्याचीच ही हकीकत.

आमचे एक मावसभाऊ केळणा नदीच्या काठी शेती करतात. गाव त्यांस आबा म्हणते, म्हणून आम्हीही आबाच म्हणतो. ते मात्र आम्हांस दादा म्हणतात, कारण आम्ही चार वर्षांनी वडील. आबांना शंकरपटाचा नाद. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास बैलगाडा शर्यत म्हणतात तिचेच आमच्या मराठवाड्यातील व वऱ्हाडातील भावंड म्हणजे शंकरपट. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट फार जुना व फार नामांकित. सरळ धावपट्टी, बैलांची एक जोडी, तिच्यामागे एक छकडी व छकडीवर एक धुरकरी. सारा निकाल सेकंदांवर. छकडी या शब्दाने वाचकांच्या डोळ्यांपुढे जी गाडी उभी राहील तिच्यातून त्यांनी साटा काढावा, बाजूचे खुंट काढावेत, बसावयाची जागा काढावी, आणि जे शिल्लक राहील त्यातूनही अर्धे लाकूड तासून टाकावे. दोन बारीक चाके, एक दांडी, आणि वीतभर रुंदीची फळी! आमच्या घरातील देवघराचा चौरंग याहून प्रशस्त आहे. आबांच्या म्हणण्याप्रमाणे ही छकडी आमच्याहून वजनाने हलकी होती, व ते खोटे नव्हते हे पुढे कळले.

या नादाचा आणि आमचा जुना तंटा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर आमच्याकडील शर्यतींवरही बंदी घातली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचून आम्हांस मनापासून समाधान वाटले. पराणीची टोके, पिरगाळलेल्या शेपट्या, विजेचे झटके, या गोष्टी काही कोणी रचून सांगितल्या नव्हत्या. त्या समाधानाच्या भरात आम्ही आबांना एक पोस्टकार्ड धाडले. त्यात भूतदया होती, संतवचनांचा उल्लेख होता, आणि 'आता तरी या मुक्या जिवांची सुटका झाली' असे एक वाक्य होते. ते वाक्य लिहिल्यावर आम्ही ते दोनदा वाचल्याचेही स्मरते.

आबांचे उत्तर आले नाही. त्या वेळी त्यांच्यापाशी एक खिल्लारी जोडी होती. तिच्यासाठी त्यांनी आदल्या वर्षीचा, म्हणजे २०१२-१३ चा, दुष्काळ अंगावर काढला होता. त्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्याचे काय हाल झाले हे ज्यांनी पाहिले त्यांस सांगावयास नको. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आबांनीही आपली झाडे वाळू दिली, पण जोडीचे पाणी तोडले नाही. आणि बंदीनंतर तीच जोडी त्यांनी आठवडी बाजारात उभी केली. पळण्यासाठी जोपासलेला बैल नांगराला धड लागत नाही, आणि नांगर तर तोवर ट्रॅक्टरच्या मागे गेला होता. जोडी विकली एवढे कानी आले. कोणी घेतली, हे आम्ही विचारले नाही. लग्नाकार्यात गाठ पडली की आबा आमच्याशी पाऊसपाण्याचे बोलत, त्यापलीकडे नाही.

पुढे २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दुरुस्त कायदा ग्राह्य धरला. आता बैलांची वैद्यकीय तपासणी हवी, चाबूक-काठी चालत नाही. आबांनी नवी जोडी घेतली, आणि एके दिवशी आपण होऊन फोन केला. "दादा, येऊन जा. अन् एकदा छकडीवर बसा. लांबून तर समद्यालाच दिसतंय."

या शेवटच्या वाक्यावर आम्ही चार दिवस विचार केला व पाचव्या दिवशी निघालो.

वेगाचे आम्हांस वावडे आहे असे कोणी समजू नये. समृद्धी महामार्गाने जालन्याहून नागपुरास आम्ही जावईबापूंच्या मोटारीतून ताशी १२० किलोमीटरने गेलो आहोत. आणि खरे सांगावयाचे तर वाटेत घोरलो आहोत. त्या वेगाची साक्ष फक्त काट्याने दिली. मोटारीच्या शर्यतीत मात्र शेजारी बसणाऱ्यास झोप परवडत नसे. प्रारंभीच्या काळात शर्यतीच्या मोटारींत चालकाशेजारी एक यंत्रज्ञ बसे. त्याने इंधनाचा दाब हाताने पंप मारून राखावा, टायरांवर व मागून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवावी. १९५५ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस इटलीतील मिल्ले मिलिया ही सुमारे १,६०० किलोमीटरांची शर्यत स्टर्लिंग मॉसने १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली, तेव्हा त्याच्या मर्सिडीझमध्ये शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा एक दाढीवाला पत्रकार होता. सगळ्या वळणांची टिपणे त्याने कागदाच्या एका लांबलचक गुंडाळीवर करून ती पेटीत बसविली होती, आणि यंत्राच्या गर्जनेत शब्द ऐकू येत नसल्याने तो हातांच्या खुणांनी पुढचे वळण सांगे. आमच्या पुराणांतही असा एक प्रवासी आहे. अयोध्येचा ऋतुपर्ण राजा बाहुकाच्या रथात बसून एका दिवसात विदर्भ गाठावयास निघाला, आणि वाटेत त्याचे उपरणे उडाले. 'थांब जरा' म्हणतो तोच बाहुकरूपी नळ म्हणाला की ते आता योजनभर मागे राहिले. पण हा ऋतुपर्णही केवळ ओझे नव्हे. बेहड्याच्या झाडाची पाने-फळे धावत्या रथातून मोजणारा गणिती तो. तात्पर्य, ज्याने शर्यतीच्या वाहनात बसावे त्याने काही तरी उपयोगी पडावे असा संकेत दिसतो. आम्ही काय उपयोगी पडणार होतो?

"तुमचं वजन किती, काका?" आबांच्या चिरंजीवांनी विचारले. तेच धुरकरी. आम्ही बासष्ट सांगितले. "मग चांगलंच झालं. ओझं घेऊन पळाली की पटात हलकं वाटतंय त्यांना." उपयोग सापडला! प्रत्यक्ष पटात दुसरा माणूस कोणी बसू देणार नाही; ही सरावाची धाव होती. शेत सपाट करून ठेवलेले, दोन्हीकडे तुरीचे खुंट, आणि पलीकडच्या टोकाला आबा उभे.

धुरकरी फळीवर गुडघे दुमडून पुढे बसला. आम्ही त्याच्या पाठीमागे, जेथे बसणे या क्रियापदाचा अर्थ लोंबणे असा होतो अशा ठिकाणी. "काका, दांडी घट धरा, अन् तोंड मिटून ठेवा. जीभ दाताखाली येती." दोन पोरांनी वेसणी धरल्या होत्या. बैल उभ्या जागी थरथरत होते, आणि ती थरथर जुवातून, दांडीतून, फळीतून आमच्या पायांच्या हाडांपर्यंत येत होती. त्यांस काय होणार ते ठाऊक होते. आम्हांस नव्हते.

पोरे बाजूला झाली. मोटार वेग घेते तेव्हा आसन आपली पाठ पुढे ढकलते. येथे पाठीला काही नव्हतेच, त्यामुळे आमचे हात तेवढे छकडीबरोबर निघाले आणि उरलेला देह मागाहून येऊन मिळाला. मग एकच खडखडाट. खुरांनी उडविलेली ढेकळे तोंडावर, मानेवर, चष्म्यावर. चाकांना दबणे माहीत नाही, लोखंडी धावेला क्षमा माहीत नाही. जमिनीत करंगळीएवढा उंचवटा असला तरी तो दातांत कळावा. आमचा मफलर ऋतुपर्णाच्या वाटेने गेला. वेग कितीसा असेल? ताशी तीस-पस्तीस किलोमीटर. समृद्धीवर इतक्या संथ चालणाऱ्याला मागचे लोक कर्णे वाजवून हैराण करतील. पण तो वेग काट्यावर नव्हता. तो आमच्यापुढे दोन हातांवर, कातडीखाली हलणाऱ्या चार खांद्यांत होता. तो श्वास घेत होता, आणि ऐकू येईल इतका मोठ्याने घेत होता. आम्ही भ्यालो होतो. पण त्या भीतीच्या पोटात दुसरेही काही होते, आणि त्यास आनंद म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

निम्म्या वाटेवर उजवा बैल किंचित ढिला पडला. छकडी तिरकी झाली, वेग मावळतोसा वाटला, आणि त्याच क्षणी 'हाण!' असा कर्कश आवाज आमच्या कानी पडला. पुन्हा एकदा, 'हाण त्याला!' तो आवाज आमचा होता हे ध्यानात यावयास पळभर लागले. धुरकऱ्याच्या हातात कासऱ्याशिवाय काही नव्हते. त्याने मागे पाहिले नाही, पुढे वाकून तो उजव्याला नावाने म्हणाला, "चल रे पाखऱ्या, चल लेकरा." पाखऱ्याने कान मागे टाकले, छकडी सरळ झाली, आणि आबा भर्रकन बाजूने निघून गेले.

पुढच्या भुसभुशीत रानात बैल आपोआप मंदावले. आम्ही उतरलो तेव्हा पाय आमचे नव्हते. चिरंजीव हसत हसत बापाला सांगत होते, "आबा, काका तर हाण म्हणत होते!" पोरांनीही हसून घेतले. आबा मात्र हसले नाहीत. खांद्यावरच्या टॉवेलने पाखऱ्याच्या तोंडचा फेस पुसता पुसता म्हणाले, "होतंय तसं. वर बसलं की व्हतंच."

ते क्षमेच्या सुरात बोलले, आणि तेच आम्हांस सोसवेना. पोस्टकार्डातील आमचे अक्षर आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. न्यायालयाचा तो निर्णय चुकला असे आम्ही आजही म्हणणार नाही. किंबहुना 'हाण' हा शब्द आमच्यासारख्याच्या तोंडून इतक्या सहजी निघत असेल तर हाती काठी असलेल्याचे काय होत असेल, या विचाराने त्या बंदीचे कारण आम्हांस आता पूर्वीपेक्षा अधिक कळते. पण ते पत्र आम्ही पाठविले होते, आणि सुटका हा शब्द त्यात वापरला होता.

"आबा, ती जुनी जोडी," आम्ही विचारले, "कोणी नेली?"

आबांनी जू उतरविले, बैल मोकळे केले, कासरा कोपरावर गुंडाळून घेतला. उत्तर येणार नाही असे वाटले.

"नेली एकानं. टेम्पो बाहेरगावचा व्हता. शेतकरी हाये म्हणाला." मग थोडे थांबून, "म्या काही खोदून इचारलं नाही, दादा. इचारलं असतं तर इकता आली नसती."

पोरे बैलांना घेऊन नदीकडे गेली. कोणी तरी आमचा मफलर आणून दिला. त्यावर खुराचा एक ठसा होता. ट्रॉलीत छकडी चढवावयाची होती. आबांनी दांडीकडून हात घातला, आम्ही चाकाकडून. खरोखरच ती आमच्याहून हलकी होती.