हात कामात, कान गोष्टीत

अम्माला मालिका तोंडपाठ असायच्या, पण त्यांतल्या निम्म्या माणसांचे चेहरे तिने धड पाहिलेले नसायचे. सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं एका खोलीचं घर. उजेड यायचा तो दारातून. विड्या वळायला बसायचं तेही दाराशी, आणि टीव्ही आत, फळीवर. त्यामुळे अम्माचं तोंड गल्लीकडे आणि मालिका तिच्या पाठीमागे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि विडीचं तोंड मुडपायचं. पुन्हा पुढचं पान. हजार विड्यांना अमुक मजुरी, असा हिशोब. डोळे पानावरून हलवले की हजाराचा आकडा लांबायचा. कान मात्र मोकळे असायचे.

दुपारी दूरदर्शनवर ‘दामिनी’ लागली की गल्लीतल्या सगळ्या दारांतून एकच आवाज यायचा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलं तरी एक संवाद चुकत नसे. घरात आमची तेलुगू, शाळेत मराठी. अम्मा शाळेत गेलेली नव्हती; तिला मराठी आलं ते बाजारातून आणि मालिकांतून. कारखान्यात विड्या द्यायला गेल्यावर तपासणाऱ्याने मूठभर जास्तच विड्या छाट म्हणून नापास केल्या, तर एरवी खाली मान घालून उभी राहणारी अम्मा एकदम ठणठणीत मराठीत बोलू लागायची. ते मराठी प्रतीक्षा लोणकरांच्या दामिनीचं होतं. पत्रकार दामिनीसारखं ती त्याला विचारायची, “कोणत्या नियमाने?” त्या दोन शब्दांनी आमच्या घरात काही वेळा मीठमिरचीचे पैसे वाचवले आहेत.

पुढे २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. रोहिणी हट्टंगडींची ती मालिका २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होते. संपली तेव्हा मी शाळेत मराठी शिकवत होते आणि माझी मुलगी बालवाडीत जात होती. एवढा काळ सलग सोबत करणारी माणसं नात्यातसुद्धा थोडीच असतात.

त्या सुमारास कुठल्याशा मालिकेतली एक नटी बदलली. पडद्यावर तशी पट्टी आली, घरातल्या सगळ्यांनी ती वाचली आणि मान्य करून टाकली. अम्माचा हात मात्र थांबला. ती चक्क मागे वळली. “ईमे एवरू?” ही कोण? मी समजावलं की सून तीच, बाई दुसरी. अम्माला ते पटलं नाही. तिच्यासाठी ती सून म्हणजे तो आवाज होता, आणि तो आवाज घर सोडून गेला होता. नव्या नटीला ती कितीतरी दिवस ‘पाहुणी’च म्हणत होती.

शाळेच्या स्टाफरूममध्ये मालिकांची टर उडवली जाते, तेव्हा मला ती दाराशी बसलेली पाठ आठवते. एकच गोष्ट तीनतीनदा का सांगतात? पत्रिका फाडलेली दिसत असताना “वहिनी, तुम्ही पत्रिका फाडलीत?” असं तोंडाने का बोलून दाखवतात? दर वाक्यात नाव का घेतात? तर ज्यांची पाठ पडद्याकडे आहे, त्यांच्यासाठी. जी बाई भाकरी थापते आहे, पिको-फॉल करते आहे, विडी वळते आहे, तिला कळायला हवं की कोण कोणाशी बोलतंय. मालिकांत खटकणारं पुष्कळ असतं, आणि बायकांनी बायकांचा छळ करण्याच्या त्या कथांचा मला मनापासून रागही येतो. पण ते तीनदा सांगणं वाया जात नाही.

हे कोडं मला सुटलं ते एका मित्रामुळे. आम्ही कॉलेजात एकत्र एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धेला हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेत उभं राहून एकमेकांचे संवाद ऐकले. सोलापुरात नाटकाचं वेड जुनं आहे. नाट्य आराधनेसारख्या संस्थेतून अतुल कुलकर्णी पुढे गेले, तेव्हा आमच्यासारख्या पोरांना मुंबई जवळ वाटू लागली. मित्र मुंबईला गेला आणि मालिकांचे संवाद लिहू लागला. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी ती वाटणी असते. त्याचेही पैसे भागावर. अम्माचे हजारावर, त्याचे भागावर.

त्याने मला एकदा ठाण्याला घोडबंदर रोडवर चित्रीकरण दाखवायला नेलं. बंगल्यात एक स्वयंपाकघर होतं, त्यातल्या नळाला पाणी नव्हतं. बाहेर चैत्राचं ऊन कडकडीत आणि आत गोष्टीत पाऊस. खिडकीबाहेर एक लाइट दादा पाइपने काचेवर पाणी मारत उभा, स्वतः घामाने चिंब. कंटिन्युइटी पाहणारी पोरगी मोबाइलमधला कालचा फोटो धरून सासूबाईंच्या पदराची मिरी जुळवत होती. सून झालेली मुलगी मेकअपच्या खुर्चीत बसून फोनवर आत्ताच आलेला सीन पाठ करत होती, आणि तो सीन पाठवणारा माझा मित्र बाजूच्या खोलीत पुढचा लिहीत होता. बँक संपली होती, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग उरले नव्हते. आज काढायचं ते जवळजवळ आजच दाखवायचं. त्यात घरच्या मोठ्या मुलाचं काम करणारा नट नाटकाच्या दौऱ्यावर. म्हणून मोठा मुलगा कामासाठी दिल्लीला.

गंमत अशी की ते नाटक सोलापूरलाच आलं. मी अम्माला घेऊन गेले. पडदा उघडला, तो नट पहिलं वाक्य बोलला आणि अम्मा माझ्या कानाशी म्हणाली, “दिल्ली म्हणून सांगितलं आणि इथं आलाय.” चेहऱ्यावरून नव्हे, आवाजावरून ओळखलं. मध्यंतरात तिला त्याला भेटायचं होतं. बायको घरी किती काळजीत आहे, हे सांगायला.

मित्रानेच मला मारिओ वार्गास ल्योसांची ‘आंट हुलिया अँड द स्क्रिप्टरायटर’ वाचायला दिली. ही १९७७ ची विनोदी कादंबरी, पेरूतल्या लिमा शहरातल्या रेडिओ मालिकांच्या पडद्यामागची. पेद्रो कामाचो नावाचा लेखक एकाच वेळी कितीतरी मालिका एकटा लिहितो. दमतो, आणि एका मालिकेतली माणसं दुसऱ्या मालिकेत शिरू लागतात. मेलेला जिवंत होतो, डॉक्टर पाद्री होतो, श्रोते गोंधळतात. गुंता सोडवायला तो भूकंप, आगी, जहाजं बुडवणं सुरू करतो. वाचताना हसून डोळ्यांत पाणी येतं, आणि थोड्या वेळाने ते पाणी हसण्याचं राहत नाही. त्यात एक बाब अशी आहे की कामाचो येण्याआधी रेडिओ स्टेशन क्यूबाहून मालिकांच्या संहिता विकत घेतं, त्या वजनावर. किलोने. मित्र म्हणाला, “हे फक्त आत राहिलेल्या माणसालाच सुचतं.” तरुणपणी ल्योसा खरोखरच लिमाच्या एका रेडिओ स्टेशनमध्ये नोकरीला होते.

क्यूबा वाचलं आणि मी तिथेच अडकले. कारण हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा आहे: कामगार रांगेने बसून तंबाखूची पानं वळतात आणि उंच जागेवर बसलेला वाचक त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवतो, मग कादंबरी. बराच काळ त्या वाचकाचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून वर्गणी काढून देत. काय वाचायचं तेही तेच ठरवत. द्यूमाची मॉन्टे क्रिस्टोची गोष्ट त्यांना इतकी आवडायची की सिगारला ते नाव मिळालं. त्याच क्यूबाने पुढे साऱ्या दक्षिण अमेरिकेला रेडिओ मालिका दिल्या. तंबाखू वळणारी बोटं आणि गोष्टीकडे लागलेला कान, हे नातं आमच्या गल्लीत सुरू झालेलं नाही, हे कळलं तेव्हा मला अम्माला उठवून सांगावंसं वाटलं. सकाळी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “त्यांच्यात बायका होत्या का?” हो, पानाच्या शिरा काढायला बायका असत. ती समाधानाने मान हलवत राहिली.

आपल्याकडे छापलेल्या विनोदातून मालिका झाली आहे. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या सदरातून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ उभी राहिली आणि घराघरांत गेली. मला उलट वाटेने आलेलं पुस्तक वाचायचं आहे: मालिकेच्या बंगल्यातून निघालेली मराठी विनोदी कादंबरी. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की रातोरात बदलणारी लग्नं, वठणीवर येणाऱ्या खलनायिका, दिवाळीआधीच उरकलेली दिवाळी. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाल्यावर सामानसुमान बांधून गोव्याला गेलेली मालिकांतली ती कुटुंबं! सासू, सून, शत्रू सगळे एकाच रिसॉर्टवर. मे महिन्यात गोव्यानेही चित्रीकरण थांबवलं. याहून मोठा फार्स कोण रचणार? पण त्याच्या आदल्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२० ला, साताऱ्यात मालिकेचं काम करताना करोना होऊन अभिनेत्री आशालता वाबगावकर गेल्या. लिहिणाऱ्याला हे दोन्ही पेलावं लागेल. नुसती टिंगल करणाऱ्याने त्या बंगल्यात पाऊल टाकू नये.

अम्मा आता कुंभारीला राहते, २००६ मध्ये विडी कामगार बायकांना मिळालेल्या दहा हजार घरांतल्या एका घरात. विड्या सुटल्या, मालिका चालू आहेत. आता ती टीव्हीकडे तोंड करून बसते. मित्र सोलापूरला आला की तिला भेटतोच. गेल्या खेपेला त्याने तिला विचारलं, “अम्मा, आमच्यावर पुस्तक लिहायचं म्हणतोय. त्यात काय घालू?”

“पैसे कधी मिळतात?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं की काम झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी; या धंद्यात तसाच रिवाज आहे.

“तीन महिने?” अम्मा पुढे सरकली. “आम्हाला आठवड्याला मिळायचे. आणि ती रडणारी सून? तिलाही तीन महिन्यांनी? चहा देणाऱ्या पोराला?” एकेकाचं नाव घेऊन तिने सगळ्या घराचा हिशोब विचारला, आणि मित्र खिशातून कागद काढून लिहून घेऊ लागला.